जमीन पाहून कुत्रं

बीड जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण कुत्र्याच्या पायांना तो एक नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागात बालाघाटाच्या पठारावर मैलोगणती बरड माळ आहे. वर मुरूम, मधूनमधून बोरी-बाभळी, आणि हिवाळ्यात वाळून भुरं झालेलं कुसळी गवत. गेवराई-माजलगावकडे उतरलं की गंगाथडीची, म्हणजे गोदावरीकाठची, काळी जमीन लागते. तिथे कापूस, तूर आणि धरणाचं पाणी पोहोचलंय तिथे ऊस. धारूर-अंबाजोगाईकडे घळी, दरडी आणि झुडपांनी भरलेले ओढे. माळावर नाव कमावलेलं कुत्रं उसाच्या फडात सोडलं तर पाच मिनिटांत जीभ काढून बांधावर येऊन बसतं. ते आळशी झालेलं नसतं. त्याचं सगळं काम डोळ्यांवर चालतं आणि उसात त्याला हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही.

शिकारी कुत्र्याच्या निवडीतलं बहुतेक शहाणपण एवढ्या एका गोष्टीत आहे. कुत्र्याचं रूप, कानाची ठेवण, वंशावळीचा कागद हे सगळं नंतर. आधी जमीन, मग त्या जमिनीवरचा प्राणी, आणि त्या दोघांवरून कुत्रं. लोकांनी शेकडो वर्षं कुत्र्यांचे संकर केले ते याच हिशेबानं. आता बीडमध्ये काय, देशात कुठेही, कुत्र्यानं शिकार करणं गुन्हा आहे. त्याबद्दल पुढे येईलच. पण तो हिशेब समजला नाही तर आजही राखणीसाठी कुत्रं घेताना माणूस फसतो.

ससा कसा पळतो यापासून सुरुवात करू. आपल्याकडचा ससा बीळ खोदून राहणारा नाही. दिवसा गवताच्या बुडाशी, ढेकळाच्या आडोशाला अंग चोरून बसतो आणि पाय अगदी जवळ आला तरच उसळतो. उसळला की सुरुवातीला सरळ पळतो. कुत्रं अंगावर आलं असं वाटलं की गर्रकन वळतो. दोन-अडीच किलोच्या जनावराला वळायला जागा लागते ती हातभर. पंचवीस किलोचं कुत्रं त्याच वेगात वळायला गेलं तर दहा-पंधरा फूट घसरत पुढे जातं, आणि तेवढ्यात सशानं पुन्हा वीस पावलांची आघाडी घेतलेली असते. म्हणून नुसता वेग सशाला पुरत नाही. वेग, वळण आणि दम हे तिन्ही एकाच अंगात असावे लागतात, आणि निसर्ग ते सहसा एकत्र देत नाही.

वेगाचा बादशहा म्हणजे इंग्रजी ग्रेहाऊंड. ताशी 60 ते 65 किलोमीटर. पळताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. एकदा अंग धनुष्यासारखं आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, देहाच्या मानानं हृदय मोठं, आणि रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त. पण ही सगळी यंत्रणा अर्ध्या मिनिटासाठी बांधलेली आहे. इंग्लंडमधली ग्रेहाऊंडची नेहमीची शर्यत 480 मीटरची असते, ती तीसेक सेकंदांत आटोपते. आष्टीच्या माळावर उठलेला ससा तिसाव्या सेकंदाला नुकता गरम होत असतो.

दमाचं कुत्रं वेगळं. पश्चिम आणि मध्य आशियात सलुकी आणि ताझी या जाती आहेत. वाळवंटात आणि पठारावर लांब पल्ल्याला पळणाऱ्या. ग्रेहाऊंडपेक्षा थोड्या मंद, पण मैलभर दौड झाली तरी मान खाली न घालणाऱ्या. दख्खनमध्ये घोड्यांचे व्यापारी, फौजा आणि काफिले यांच्याबरोबर तिकडची कुत्री आली आणि इथल्या हवेत, इथल्या भाकरीवर मुरत गेली. आपलं कारवान ते हेच. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूर, आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी, बागलकोटपर्यंत त्याचा मुलूख. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. देवणी बैल आणि उस्मानाबादी शेळी याच पट्ट्यातली. उन्हात टिकणारं, थोडक्यात भागवणारं जनावर निवडायची इथल्या पशुपालकाची नजर कुत्र्याच्या बाबतीतही तीच राहिली.

चांगलं कारवान ओळखायला फार विद्या लागत नाही. डोकं लांब आणि चिंचोळं, नाकाचा उंचवटा थोडा बाकदार, मान लांब, उंची सव्वादोन-अडीच फूट. कमरेची हाडं आणि पाठीचे शेवटचे मणके वरून दिसतात. नवखा माणूस म्हणतो, उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला. तसं नसतं. ज्वारीची भाकरी आणि ताक-दूध खाऊन ते तसंच राहतं, आणि तसंच राहावं. पायाचा पंजा सशासारखा लांबट, बोटं घट्ट. परक्या माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. चावेलच असं नाही, पण अंग चोरून बाजूला होईल. त्याच्या कानांवर, शेपटीला आणि पायांना रेशमासारखे केस असतील तर ते पश्मी. साधं कारवान आणि पश्मी, दोन्ही एकाच पिलावळीत निघू शकतात.

याच कुत्र्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानावरून. मालोजीराजे घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास नीट राखली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. टपाल खात्यानं 2005 मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं देशी जाती म्हणून ज्या कुत्र्यांची नोंद केली त्यांतही मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र उभं राहिलं, तिथली पिल्लं लष्करानं प्रशिक्षणाला नेली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दफ्तरी मात्र नाव कारवान हाऊंड. एकाच रक्ताला दोन राज्यांत दोन नावं, आणि सरकारदरबारी मान एकाच नावाला. मराठवाड्यानं आपल्या कुत्र्याची नोंद वेळेवर मागितली नाही, हे यातलं खरं दुखणं.

आता संकराकडे वळू. या विद्येत सगळ्यात जास्त डोकं चालवलं ते इंग्लंडातल्या भटक्यांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी. त्यांच्या या संकरित कुत्र्याला लर्चर म्हणतात. ग्रेहाऊंडसारख्या धावत्या कुत्र्याला कामकरी कुत्र्याशी जुळवायचं, म्हणजे पायात वेग आणि डोक्यात अक्कल. मेंढपाळाच्या कॉलीशी केलेला संकर हा त्यातला जुना आणि गाजलेला. कॉलीकडून येते आज्ञाधारकता, जाड कातडी आणि मालकाच्या एका शिट्टीवर थांबण्याची सवय. पण निम्मं रक्त कॉलीचं राहिलं तर सशापुढे वेग कमी पडतो, म्हणून अशी मादी पुन्हा ग्रेहाऊंडला दाखवायची आणि बारा आणे ग्रेहाऊंड, चार आणे कॉली असं पिल्लू काढायचं. बिळातल्या छोट्या सशांसाठी बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेट यांचं छोटं, चपळ पिल्लू. मोकळ्या, सपाट मुलखातल्या मोठ्या सशासाठी सलुकी आणि ग्रेहाऊंड. हरणाच्या मागे डिअरहाऊंडचं रक्त. कोल्ह्याशी झुंजायचं तर बुल टेरियरचा अंश, म्हणजे चावा बसला तरी मागे न हटणारं. जमीन आणि जनावर यांच्या प्रत्येक जोडीला वेगळं कुत्रं.

हे जसंच्या तसं इकडे आणून चालत नाही. बेडलिंग्टनचा संकर घ्या. तिकडचा छोटा ससा बिळात शिरतो, म्हणून बुटकं, कुंपणातून घुसणारं कुत्रं लागतं. आपला ससा माळावर पळतो, तिथे ते बुटकं कुत्रं फक्त धूळ बघेल. डिअरहाऊंडचे राठ, दाट केस स्कॉटलंडच्या पावसासाठी. बीडच्या एप्रिलात ते कुत्रं सकाळी आठलाच सावली शोधेल. कॉलीची अक्कल मात्र कुठेही कामाची, आणि आपल्याकडे ती गावठी कुत्र्यात आयती आहे. त्याकडे आपण फारसं बघत नाही, एवढंच.

आपल्याकडेही हा प्रयोग जाणूनबुजून झाला आहे. उत्तरेत रामपूरच्या नवाबांनी अफगाण मुलखातून आलेल्या ताझीला इंग्रजी ग्रेहाऊंडची जोड दिली आणि रामपूर हाऊंड उभं केलं. ताझी चिवट आणि कडक, पण कुणाचं न ऐकणारी; ग्रेहाऊंड वेगवान, पण इथल्या हवेत नाजूक. दोन्हीचे गुण घेतलेलं कुत्रं कोल्ह्याच्या शिकारीला वापरलं जाई. त्याच्या कामाचा प्रांत म्हणजे मोकळं मैदान. ते रामपूरच्या आसपास होतं म्हणून ते कुत्रं तिथे शोभलं.

मराठवाड्यात नवाबी थाटाची पैदास नव्हती, पण संकर होतच होता. कारवानाची मादी माजावर आली आणि चांगला नर जवळपास नसला की गावातल्याच एखाद्या दणकट गावठीशी जोड व्हायची. शुद्ध रक्ताचा आग्रह धरणारे याला बिघाड म्हणतात. मी म्हणणार नाही. बरडावरचा मुरूम आणि वेड्या बाभळीचे काटे यांनी कारवानाचे तळवे आणि पातळ कातडी फाटते. एकदा मांडीचं कातडं वीतभर उसवलं की महिना गेला. गावठीच्या रक्तानं तळवा जाड होतो, कातडी राठ होते, आणि नाक कामाला लागतं. कारवान नजरेवर चालतं. डोळ्यांआड झालं की त्याच्या लेखी प्राणी संपला. गावठी वास घेत झुडपात शिरतं. धारूरच्या घळीत किंवा तुरीच्या उभ्या पिकात निम्म्या रक्ताचं कुत्रं शुद्ध कारवानापेक्षा कितीतरी उजवं, आणि उघड्या माळावर नेमकं उलट. पारधी आणि इतर शिकारी समाजांत एकाच कुत्र्याकडून सगळं मागत नसत. नाकाचं कुत्रं झुडूप हलवी, नजरेचं कुत्रं बाहेर उभं असे.

रानडुकराची गोष्ट निराळीच. तिथे वेग जवळजवळ निरुपयोगी. सुळ्यांच्या एका झटक्यात कारवानाचं पोट फाटतं, कारण त्या पोटावर चरबीही नाही आणि जाड कातडीही नाही. डुकरापुढे लागतं ते रुंद छातीचं, जड जबड्याचं, आणि भुंकून त्याला जागेवर खिळवणारं कुत्रं. कर्नाटकात मंड्याजवळ आतकूरला इ.स. 949-50 चा एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या बाजूनं लढलेल्या गंग राजा बूतुगाकडे मनलर नावाच्या वीरानं बक्षीस म्हणून जमीन किंवा सोनं मागितलं नाही. त्यानं राजाचं काळी नावाचं कुत्रं मागितलं. पुढे ते एका दांडग्या डुकरावर सोडलं आणि झुंजीत दोघंही मेली. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. ज्या राष्ट्रकूटांची सत्ता कंधार-बीडच्या या मुलखावरही होती त्यांच्याच काळातली ही घटना. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण आहे. खंडोबाच्या मूर्तीतल्या घोड्याच्या पायाशी धावणारं कुत्रं तर बीडमध्ये कुणाला नव्यानं सांगायला नको.

संकर निवडताना सगळ्यात मोठी फसगत होते ती दुसऱ्या पिढीत. कापूसवाल्याला हे चटकन कळेल. संकरित बियाण्याचं पहिलं पीक एकसारखं आणि जोमदार येतं; त्याचीच सरकी पुढच्या वर्षी पेरली तर एक झाड गुडघ्याएवढं, एक डोक्याएवढं. कुत्र्यांतही तेच. शुद्ध कारवान आणि शुद्ध ग्रेहाऊंड यांची पहिली पिल्लं बहुतेक एका मापाची निघतात आणि दोघांपेक्षा चिवटही असू शकतात. मग मालकाला मोह होतो, आणि तो त्याच पिल्लांतली नर-मादी जुळवतो. त्या वेतात एक पिल्लू आजीसारखं, एक आजोबासारखं, आणि दोन कुणासारखीच नाहीत. इंग्लंडातले जुने लर्चरवाले म्हणूनच दर वेळी मूळ जातींकडे परत जात. ज्याला संकर हवा त्याला शुद्ध कारवान गावात टिकवावंच लागतं.

वेगाच्या मागे लागलं की आणखी एक खड्डा आहे. व्हिपेट या छोट्या धावत्या जातीत स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकात बदल आढळतो. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की या बदलाची एक प्रत मिळालेलं कुत्रं शर्यतीत इतरांपेक्षा वेगवान असतं, आणि आई-बाप दोघांकडून मिळून दोन प्रती आल्या तर पिल्लू पहिलवानासारखं फुगलेलं निघतं, पण धावायला कामाचं नसतं. सगळ्यात वेगवान नर आणि सगळ्यात वेगवान मादी जुळवली की सगळ्यात वेगवान पिल्लू, हा हिशेब या एका जनुकानंच मोडीत काढला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या यात्रांत आणि पंजाबातल्या ग्रामीण खेळांत कुत्र्यांच्या शर्यती लागतात, तिथून ग्रेहाऊंडचं रक्त आता मराठवाड्यातही शिरलं आहे. शर्यतीपुरतं ठीक. राखणीला मात्र त्याचा उपयोग थोडा आणि काळजी फार. उन्हाचंच पाहा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून आणि तळव्यांतून थोडीफार उष्णता घालवतं. जोरात पळल्यावर ग्रेहाऊंडच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर जातं. बाहेर मे महिन्यातला बीडचा 42 अंशांचा पारा असेल तर ते उतरायला जागाच नाही. जीभ गडद लाल होऊन चिकट लाळ गळायला लागली, पाय लटपटले, की कुत्रं सावलीत नेऊन अंगावर सतत गार पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे पळायचं. ओलं पोतं पांघरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती घातक. पोतं थोड्या वेळात गरम होतं आणि अंगातली वाफ आतच कोंडते. दुसरं, या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि भुलीची काही औषधं ग्रेहाऊंडच्या यकृतात सावकाश मोडतात, त्यामुळे ती शुद्धीवर यायला फार वेळ लागू शकतो. नसबंदीला नेलं तर कुत्र्यात ग्रेहाऊंडचं रक्त आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

शिकारीचं आज काय? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं, पकडणं, फास लावणं यांबरोबर जनावरामागे कुत्रं लावून पाठलाग करणंही येतं, आणि तसा प्रयत्नही. म्हणजे ससा सुटून गेला तरी गुन्हा घडलेलाच असतो. ससा, खोकड, घोरपड, काळवीट, तितर, सगळे त्यात आले. रानडुकरानं पीक उद्ध्वस्त केलं तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. इंग्लंडनंही कुत्र्यानं शिकार करायला बंदी घातली. तिथला बंदीचा कायदा फेब्रुवारी 2005 मध्ये लागू झाला आणि 1836 पासून चालत आलेली वॉटर्लू कप ही सशामागच्या ग्रेहाऊंडांची स्पर्धा त्याच महिन्यात शेवटची भरली. गंमत अशी, की त्या स्पर्धेत ससा मारण्यापेक्षा त्याला वळवण्याचे गुण जास्त महत्त्वाचे होते. जाणकारांना कुत्र्यातलं काय पाहायचं असतं हे त्यावरून कळतं.

काम गेलं तरी कुत्रं आणि जमीन दोन्ही जागेवर आहेत. माळावर मेंढरं राखायची तर कारवान नको, कारण ते लांडगा दिसताच त्याच्यामागे दोन मैल जाईल आणि कळप मागे उघडा पडेल. तिथे धनगराचं जड हाडाचं, केसाळ, कळपापासून न हलणारं कुत्रं हवं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेलं. तो पट्टा शोभेचा नाही. बिबट्या किंवा लांडगा आधी गळाच धरतो. 2020 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा संध्याकाळी पाचनंतर शेतात जायला लोक धजत नव्हते. अशा वेळी एकटं कुत्रं बाहेर बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आवतण.

कापूस-तुरीच्या शेताला रात्री डुकरांपासून राखायचं असेल तर दोन कुत्री ठेवा. एक पूर्ण गावठी, हलक्या झोपेचं, खुट्ट झालं की भुंकणारं. दुसरं कारवान आणि गावठी यांचं निम्म्या रक्ताचं, जे आवाजाच्या दिशेनं बांधापर्यंत सुसाट जाईल, दरारा बसवेल आणि हाक मारली की वळेल. उसाच्या पट्ट्यात दोन्ही गावठीच घ्या, पळणाऱ्या कुत्र्यावर पैसे घालू नका. पिल्लू घेताना आई बघा, शक्यतो तिच्या घरी जाऊन. नराचा फोटो कुणीही कुठलाही दाखवतं. पिल्लाच्या कानांकडे बघू नका. अर्धवट उभे कान हे गावठी रक्ताचं चिन्ह मानून लोक पिल्लू नाकारतात, आणि तेच पिल्लू पुढे शेतावर सगळ्यांत जास्त टिकतं. तळवे दाबून बघा, पुढचे पाय सरळ आहेत का बघा, आणि भांडं आपटून बघा. दचकून पळालं तरी चालेल, पण मिनिटभरात उत्सुकतेनं परत यायला हवं. मग पहिल्या सहा महिन्यांत त्याला हाकेवर परत यायची सवय लावा, ससे असलेल्या माळापासून लांब. एकदा का कारवान रक्तानं पळता ससा पाहिला, की त्याच्या कानांत तुमची हाक शिरत नाही.